साहेबांच्या नावाची ओळ

देवानंद साहेबांना भर दसऱ्याच्या दिवशी सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलं ते मी. कंपनीत ही गोष्ट अजून सांगतात आणि सांगताना 'ती मैमूना मोठी आतल्या गाठीची निघाली' असं म्हणतात. आतल्या गाठीची मी आहेच. पण ती गाठ पडली कशी, हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

जुन्या जालन्यात माझ्या अब्बांचं टाइपरायटर दुरुस्तीचं दुकान होतं. कोर्टातली, तहसीलमधली, शाळांमधली मशिनं त्यांच्याकडे यायची. आणणारा माणूस दर वेळी हेच म्हणायचा की आमच्या टायपिस्टचा हात वाईट आहे, बटणं तोडतो. अब्बा मशीन उघडायचे, आतली झिजलेली पट्टी चिमट्यानं बाहेर काढून त्याच्या हातावर ठेवायचे आणि चहा मागवायचे. मी त्या दुकानात वाढले. बोटांवर आळ घेणारी माणसं मला तेव्हापासून आवडत नाहीत.

एकोणीसशे नव्व्याण्णव साली मी नव्या जालन्यात एका बियाण्यांच्या कंपनीत ऑपरेटर म्हणून लागले. काम सोपं होतं आणि महत्त्वाचं होतं. बियाण्यांच्या प्रत्येक लॉटमधून शंभर दाणे काढून प्रयोगशाळेत ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे, सात दिवसांनी उघडून किती उगवले ते मोजायचे आणि चिठ्ठीवर लिहायचं. ती चिठ्ठी आमच्याकडे यायची. लॉटचा नंबर, पीक, वाण, गाव, उगवलेले दाणे. आम्ही ते कॉम्प्युटरवर चढवलं की लॉट विकायला मोकळा, नाहीतर पोतं गोदामाबाहेर जात नसे.

मला हे काम नंदाबाईंनी शिकवलं. त्या जाफराबादकडच्या, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या, अंगानं किरकोळ, बोलायला कमी. त्र्याण्णवपासून त्या त्याच खुर्चीवर होत्या. तेव्हा काळ्या पडद्याचा जुना प्रोग्राम होता, त्यात माउस वगैरे काही नव्हतं, सगळं बटणांवर. एफ-टू दाबलं की जमा. एफ-फाइव्ह दाबलं की वरच्या ओळीत जे लिहिलंय तेच खाली उतरायचं. एकाच गावचे, एकाच वाणाचे वीस-वीस लॉट लागोपाठ येत, म्हणून हे बटण सगळ्यात जास्त चालायचं. आम्ही त्याला 'वरचं' म्हणत असू. वरचं मार, वरचं मार, आकडा टाक, पुढं. नंदाबाईंची नजर कायम चिठ्ठ्यांवर असायची. त्या पडद्याकडे बघतच नसत. बाजूला बसलं की नुसता सारखा टकटक आवाज यायचा, कुठे अडखळ नाही, आणि त्यांची एक चूक सापडायला महिना लागायचा.

पंचवीस ओळी झाल्या की एफ-टू दाबायचं. पडदा कोरा व्हायचा. कोरा पडदा म्हणजे काम जमा झालं, हे आमचं पक्कं गणित. मग त्या पंचवीस चिठ्ठ्या टेबलाखालच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. एकदा चढवलेली चिठ्ठी चुकून दुसऱ्यांदा चढू नये म्हणून ही पद्धत मालकांनी, म्हणजे काकासाहेबांनी, स्वतः घालून दिली होती. तासाभरात शाई फुटायची आणि कागदाचा लगदा व्हायचा.

दोन हजार चार साली देवानंद साहेब कॉम्प्युटरचे प्रमुख म्हणून आले. हेही जाफराबादचेच, मोठ्या जमीनवाल्या घरातले. पुण्यात दोन वर्षं राहून कोर्स केला आणि येताना तिकडची भाषा घेऊन आले. घरात 'न्हाई' म्हणत मोठा झालेला माणूस आमच्याशी 'नाहीये' म्हणायचा. 'वरचं' हा शब्द त्यांनी ऐकला आणि हॉलमध्ये तो वापरायचा नाही म्हणून सांगितलं, गावंढळ वाटतो म्हणे. मे महिन्यात, कपाशीच्या ऐन हंगामात, त्यांनी जुना प्रोग्राम काढून नवा बसवला. हा इंटरनेटच्या ब्राउझरमध्ये चालायचा. रंगीत होता, गोलाकार बटणं होती, आणि माउसनं टिचक्या मारत बसावं लागायचं. शिकवायला कोणी आलं नाही. साहेब म्हणाले, यात शिकण्यासारखं काय आहे, लहान मूलही चालवेल.

पहिल्या सकाळी मी एक ओळ लिहिली, दुसरीत सवयीनं वरचं मारलं आणि सगळं पान कोरं झालं. ब्राउझरमध्ये एफ-फाइव्ह म्हणजे पान नव्यानं उघडणं, हे मला कुठं ठाऊक होतं? मला वाटलं माझ्याच हातून काही बिघडलं. नवा साहेब, नवा प्रोग्राम, भीती वाटली. मी गप्प बसले आणि पुन्हा ते बटण दाबायचं नाही एवढं मनाशी ठरवलं. शेजारच्या दोघींचंही तसंच झालं असणार, त्याही गप्प. आम्ही तिघी पडद्याकडे बघत, एकेक अक्षर शोधत काम करणाऱ्या, म्हणून आम्हाला दिसलं. नंदाबाईंना कोणी सांगितलं नाही. मी सांगायला हवं होतं, ते मी विसरलेले नाही.

नंदाबाईंनी तीन दिवस नेहमीसारखं काम केलं. दुसऱ्या ओळीत वरचं मारलं की पान कोरं व्हायचं आणि कर्सर कुठल्याच चौकटीत उरायचा नाही. मग पुढच्या तेवीस ओळी त्या लिहायच्या, पण ते सगळं हवेत जायचं. शेवटी एफ-टू मारून मान वर करायच्या, तर समोर कोरा पडदा. जमा झालं. चिठ्ठ्या बादलीत. असे चारशे बारा लॉट गेले. चौथ्या दिवशी प्रयोगशाळेनं यादी मागितली तेव्हा त्यांच्या नावावर एकही नोंद नव्हती, आणि बादलीत लगदा.

सगळे दाणे पुन्हा भिजवावे लागले. सात दिवस ट्रक उभे राहिले, दुकानदार फोनवर शिव्या घालत होते. काकासाहेबांनी देवानंद साहेबांना केबिनमध्ये घेऊन काय सुनावलं ते दाराबाहेरही ऐकू आलं. साहेब लाल होऊन बाहेर आले आणि सरळ नंदाबाईंच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले.

नंदाबाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, माझ्या हातचा दोष न्हाई. वरचं दाबलं की सगळं जाऊन राह्यलंय."

"ब्राउझरचे नियम जगभर सारखे आहेत," साहेब म्हणाले. "एका बाईसाठी ते बदलत नाहीत. तुम्ही तुमची बोटं बदला."

त्याच संध्याकाळी मेमो निघाला. 'गंभीर निष्काळजीपणा' असे शब्द त्यात होते. साहेबांनी तो हॉलमध्ये उभं राहून मोठ्यानं वाचला, नंदाबाईंची सही घेतली आणि हजेरीच्या मशीनशेजारी काचेच्या फळ्यात लावला, म्हणजे येता-जाता प्रत्येकाला दिसावा. दुसऱ्या दिवसापासून नंदाबाईंची बदली मागच्या पॅकिंग शेडमध्ये झाली. अकरा वर्षं बटणांवर चाललेल्या हातात दाभण आणि सुतळी आली. पोत्यांची तोंडं शिवायची, दिवसाला दोनशे. त्या उठल्या. डबा, पाण्याची बाटली आणि खुर्चीवरची उशी उचलली आणि गेल्या. मला आतून इतका संताप आला की त्या दिवशी मी एकही चिठ्ठी नीट वाचू शकले नाही. त्या काचेमागचा कागद याच माणसाच्या हातानं काढायला लावीन आणि बाईंना याच खुर्चीवर आणून बसवीन, असं मी तेव्हाच ठरवलं.

नंदाबाई गेल्यावर काम बुडालं. आम्ही तिघी माउसनं दिवसाला जेवढं करत होतो तेवढं त्या एकट्या जेवणाच्या सुट्टीआधी करायच्या. काकासाहेब रोज विचारायला लागले. साहेबांनी पुण्याला फोन केले. तिकडून उत्तर आलं की एफ-फाइव्ह ब्राउझरचं बटण आहे, त्याला हात लावता येत नाही. हे मी ऐकलं आणि रविवारी गांधी चमनजवळच्या फकरोद्दीनभाईंच्या इंटरनेट कॅफेत जाऊन बसले. माझं इंग्रजी बारावीचं. पानं छापून आणायची, घरी अब्बांच्या टेबलावर पसरायची आणि शब्द अडला की डिक्शनरीत बघायचा, असे पाच आठवडे गेले.

आत काय चालतं ते सांगते, अवघड नाही. तुम्ही बटण दाबलं की ती वर्दी आधी पानाला मिळते आणि मग ब्राउझरला. पानानं ती गिळून टाकली की पुढे काही होत नाही. सोडली तर ब्राउझर त्याला वाटेल ते करतो. सगळा खेळ हा की कुठलं बटण गिळायचं आणि कुठलं सोडायचं. आमचा ब्राउझर तर असा खट की नुसतं गिळूनही ऐकायचा नाही, त्या बटणाचा नंबरच शून्य करावा लागायचा, तेव्हा तो गप्प बसायचा. हे मला एका छापील पानाच्या अगदी तळाशी सापडलं. त्या रात्री मला आनंदानं झोप आली नाही.

मग मी एकेक बटण घेतलं. एफ-फाइव्ह गिळायचं आणि वरच्या ओळीतलं खाली उतरवायचं. एफ-टू गिळायचं आणि जमा करायचं. पुसायचं बटण चौकटीत कर्सर असताना सोडायचं, पण कर्सर बाहेर असताना गिळायचं, कारण नाहीतर ब्राउझर मागच्या पानावर पळायचा आणि लिहिलेलं सगळं जायचं. खिडकी बंद करायचं बटण काही केल्या अडवता येईना, तिथं मी प्रश्न टाकला की नोंदी जमा नाहीत, जायचं का? आणि छपाईचं बटण मी हात न लावता तसंच ठेवलं. लोकांना छापायची सवय होती, ती कशाला मोडायची? जे बटण आपलं नाही ते आपण गिळू नये, असा नियम मी कागदावर लिहून भिंतीला लावला होता. एका माणसाच्या सवयीवर दुसऱ्यानं पाय देऊन उभं राहू नये, एवढंच माझं म्हणणं होतं.

जुलैत मी ते साहेबांना दाखवलं. त्यांनी पाच मिनिटं बघितलं, दोन प्रश्न विचारले आणि सर्व्हरचा पासवर्ड मला दिला, कारण फाइल चढवायची कशी हे त्यांना स्वतःला येत नव्हतं. आठवड्याभरात आमचा हॉल पुन्हा टकटक वाजायला लागला. काकासाहेबांनी साहेबांच्या पाठीवर थाप मारली. साहेबांनी मला बोलावून फाइलच्या डोक्यावर त्यांचं नाव घालायला सांगितलं. कंपनीच्या बाकीच्या शाखांतही हे जाणार आहे, ऑपरेटरचं नाव बरं दिसत नाही, असं ते समजावणीच्या सुरात म्हणाले. मी नाव घातलं. मला नावाचं पडलेलं नव्हतं. मी एवढंच म्हटलं की आता सगळं सुरळीत झालंय, बटणाचाच दोष होता हेही कळलंय, तर नंदाबाईंचा मेमो काढा आणि त्यांना परत बोलवा.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मेमो काढला तर चूक माझी होती असा अर्थ होतो, मैमूना," ते म्हणाले. "आणि शेडमध्येही माणूस लागतंच की."

मी 'बराबर आहे' म्हणून बाहेर आले. चोराच्या उलट्या बोंबा मी ऐकल्या होत्या, पण चोरानं माझ्याच हातानं स्वतःचं नाव कोरून घ्यावं आणि वर मलाच शहाणपण शिकवावं, हे नवीन होतं. माणसाचा राग येतो आणि जातो, माझा गेला नाही. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, मी रोज हजेरी लावताना तो कागद वाचत होते.

दसऱ्याला आमच्याकडे कॉम्प्युटरची पूजा व्हायची. आदल्या दिवशी मशिनं बंद करून त्यांना हळदकुंकू आणि झेंडूचे हार, आणि दसऱ्याला सकाळी पहिली नोंद विभागाच्या प्रमुखाच्या हातची. त्यांनी हात लावल्याशिवाय दुसऱ्या कोणी बटण दाबायचं नाही. काकासाहेब ही रीत काटेकोर पाळत. साहेबांनी त्या वर्षी दुकानदारांना बोलावलं होतं, भिंतीवर सगळं मोठं दिसावं म्हणून भाड्यानं प्रोजेक्टर आणला होता. पंचवीस हरभऱ्याचे लॉट एका दमात चढवून दाखवणार होते. त्यासाठी आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या मशीनवर, माझ्याच नावानं उघडलेल्या पानावर सराव करत होते. चिठ्ठीवर नजर ठेवून टाइप करायचं, नंदाबाई करायच्या तसं. त्यांची बोटं बऱ्यापैकी बसली होती, खोटं कशाला बोलू?

दसऱ्याच्या दोन दिवस आधी मी फाइल उघडली आणि त्यांच्या नावाच्या बरोबर खाली एक ओळ लिहिली. पान वापरणारा माणूस देवानंद असेल तर काहीही गिळू नकोस, सगळी बटणं ब्राउझरला सोडून दे. लपवली नाही, आडपडदा ठेवला नाही, साध्या इंग्रजीत लिहिली. स्वतःच्या नावावरची फाइल एकदा जरी उघडून वाचली असती तर त्यांना ती पहिल्या दमात दिसली असती.

दसऱ्याला पूजा झाली, नारळ फुटला. साहेब नव्या सदऱ्यात येऊन बसले आणि स्वतःचं नाव टाकून पान उघडलं. भिंतीवर ते मोठ्ठं उमटलं. कोपऱ्यात 'आजच्या नोंदी : ०' असं दिसत होतं. त्यांनी पहिली ओळ लिहिली. दुसऱ्या ओळीत वरचं मारलं आणि भिंतीवरचं पान कोरं झालं. साहेबांची नजर चिठ्ठीवर. ते लिहीत राहिले. तेवीस ओळी ते हवेत लिहीत होते आणि चाळीस माणसं कोऱ्या भिंतीकडे बघत होती. आधी कुजबुज झाली, मग मागच्या रांगेतला एक दुकानदार तोंडावर रुमाल धरून हसायला लागला. साहेबांना वाटलं कौतुक चाललंय. त्यांनी ऐटीत एफ-टू मारलं, मान वर केली, कोरा पडदा बघितला आणि हसून म्हणाले, "झालं. पंचवीस नोंदी जमा." भिंतीवर शून्य तसंच होतं.

तेव्हा मला काय वाटलं म्हणून विचाराल तर थंडगार पाणी प्यायल्यासारखं वाटलं.

त्यांनी पुन्हा केलं, या वेळी डोळे उघडे ठेवून. वरचं मारलं, पान गेलं. मशीन खराब आहे म्हणाले आणि शेजारच्या मशीनवर जाऊन बसले, तिथंही नाव स्वतःचंच टाकलं. पान गेलं. तिसऱ्या मशीनवर गेले. कपाळावरचं कुंकू घामानं खाली यायला लागलं. काकासाहेब पुढच्या खुर्चीवर शांत बसून बघत होते. हा माणूस चौथी शिकलेला, पण उभं आयुष्य बियाणं तपासण्यात गेलेलं. ते म्हणाले, वाण तोच ठेवू, वावर तेच ठेवू, हात बदलून बघू. त्यांनी मला त्याच तिसऱ्या मशीनवर बसवलं. मी माझं नाव टाकलं आणि पंचवीस ओळी चढवल्या. भिंतीवर पंचवीसचा आकडा आला. मग त्यांनी साहेबांना पुन्हा त्याच खुर्चीवर बसवलं. पान गेलं.

"मशीन बराबर हाय," काकासाहेब म्हणाले. "मंग देवानंद, हाताचाच दोष म्हणायचा का हा?"

साहेब उभे राहिले. दोन वर्षांची पुण्याची भाषा एका क्षणात गळून पडली. "काकासाहेब, आईच्यान, माझ्या हातचा दोष न्हाई. वरचं दाबलं की सगळं जाऊन राह्यलंय."

हॉलमध्ये ज्यांनी मे महिना पाहिला होता ते सगळे एकमेकांकडे बघायला लागले. काकासाहेबांच्या लक्षात आलं नाही. ते म्हणाले, तूच लिहिलंय ना हे, मग उघड आणि शोध. साहेबांनी फाइल उघडली, तीही भिंतीवर उमटली. डोक्यावर त्यांचं नाव, खाली माझी ओळ, तिच्यात पुन्हा त्यांचं नाव. साहेब त्या ओळीवरून खाली गेले, परत वर आले, परत खाली गेले. दहा मिनिटं चाललं. त्यांना प्रोग्राम वाचताच येत नव्हता. पुढच्या रांगेतल्या दुकानदारांना नसेल कळलं, पण आम्हाला कळलं.

मी तेव्हाच गप्प बसले असते तर माझी नोकरी आजही असती. साहेब बदनाम झालेच होते. पण मेमो काचेमागंच राहिला असता. म्हणून मी उठले आणि काकासाहेबांना म्हटलं, काय झालंय ते मला ठाऊक आहे, पण आधी शेडमधून नंदाबाईंना बोलवा, त्यांच्यासमोर सांगते.

नंदाबाई आल्या. पदर खांद्यावरून लपेटून घेतलेला, केसांत सुतळीचे धागे. दाराशीच उभ्या राहिल्या. मी सगळं सांगितलं. मे महिन्यात काय झालं, मला पहिल्याच सकाळी कळूनही मी कशी गप्प बसले, फाइल कोणी लिहिली, नाव कोणाचं लागलं, आणि ही खालची ओळ कोणाची. भिंतीवर बोट ठेवून एकेक शब्द वाचून दाखवला. पाच महिन्यांपूर्वी बाईंचं जे झालं तेच आज साहेबांचं झालं, असं म्हटलं. साहेबांचे हात वाईट नसतील, तर बाईंचेही नव्हते.

काकासाहेब खुर्चीवरून उठले. "इमानानं काम करणारीच्या माथी यानं आपलं पाप मारलं," ते म्हणाले, "आन तू सणाच्या दिवशी मशिनीत खोट घातली. मला दोघं बी सारखेच. पण चिठ्ठ्यांची बादली माझीच व्हती, ते बी खरं हाय."

मग त्यांनी निकाल दिला. देवानंदनं आत्ता, सगळ्यांसमोर, मेमो काढून फाडायचा. नंदाबाई आजपासून आपल्या जाग्यावर. मैमूनानं ती ओळ काढायची, डोक्यावरचं नावही काढायचं आणि उद्यापासून कामावर यायचं नाही. साहेबांची किल्ली सापडेना, तेव्हा त्यांनी काचेच्या फळ्याचं कुलूप टोल्यानं तोडलं आणि कागदाचे तुकडे खिशात घातले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मी ओळ पुसली, नाव पुसलं. तिथं माझं नाव लिही असं कोणी म्हटलं नाही आणि मीही लिहिलं नाही. नोकरी गेली होती. जे ठरवलं ते पुरं झालं होतं.

"मंग आता पहिली नोंद बाईच्या हातची," काकासाहेब म्हणाले.

नंदाबाईंना कोणीतरी खुर्ची पुढे करून दिली. त्या नको म्हणत होत्या. मीच हाताला धरून बसवलं, हरभऱ्याची पहिली चिठ्ठी समोर ठेवली आणि शेजारी उभी राहिले. तो टकटक आवाज मला चाळीस माणसांना ऐकवायचा होता. त्यांनी डावा हात बटणांवर ठेवला. उजवा पदराखालीच होता. मी म्हटलं, "बाई, काढा की हात." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच काढला.

उजव्या हाताची तर्जनी मधल्या पेरापासून वाकडी झाली होती. नखाच्या जागी काळा खपला होता. सरळ करायला गेल्या तर बोट हललंच नाही. दाभण घुसलं होतं म्हणे पावसाळ्यात, नखुरडं झालं, आतून सडलं, दवाखान्यात गेल्या तोवर शीर आखडली होती. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. आणि पाच महिन्यांत मी शेडकडे फक्त दोनदा गेले होते, तेही लांबून हात करून परत आले होते. मला फाइलमधून वेळ नव्हता.

"राहू दे, पोरी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मधल्या बोटानं मारते."

त्यांनी मान खाली घातली, बटणांकडे बघून एक अक्षर शोधलं, मधल्या बोटानं दाबलं, मग दुसरं शोधलं. लॉटचा नंबर आठ अक्षरी होता. भिंतीवर एकेक अक्षर उमटत होतं आणि सगळे वाट बघत थांबले होते. दाराजवळ देवानंद साहेब खिशात हात घालून उभे होते, दहाच्या दहा बोटं धड. इतका वेळ मला वाटत होतं की रागाच्या भरात मी एक ओळ जास्तीची लिहिली. त्यांच्याकडे बघत मी तिथं उभी होते आणि मला कळत होतं की मी फार कमी लिहिलं.